साडेसात भागिले दोन

अपूर्णांक मला कधीच आवडले नाहीत आणि पोटासाठी जन्मभर मी तेच शिकवत आले. पाचवी-सहावीला गणित शिकवणाऱ्या बाईच्या नशिबी दुसरं काय येणार? दरवर्षी फळ्यावर एक गोल काढायचा, त्याला भाकर म्हणायचं, मधून रेघ मारायची आणि विचारायचं, किती? मुलं म्हणतात, अर्धी. मी शाब्बास म्हणते आणि हाताचा खडू झटकते. मुलांना वाटतं, बाई खुश आहेत. मला अपूर्णांक नीट समजले ते आमच्या काकांच्या वाटणीत, आणि तसे ते कोणाच्या लेकराला समजू नयेत असं मला मनापासून वाटतं.

आमचं गाव साकोली तालुक्यातलं, सानगडीचा बाजार पायी करता येईल इतकं जवळ. घरात माझे बाबा थोरले. त्यांच्या पाठचे मधले काका. आणि सगळ्यांत धाकटे ते नुसतेच काका. काकांना लहानपणी मोठा ताप आला, तो डोक्यात गेला असं आजोबा सांगत. तेव्हापासून अंगानं ते वाढले, दाढीमिशा आल्या, पण मनानं सात-आठ वर्षांचेच राहिले. ढोरं चारायला न्यायची, पाणी भरायचं, रोवणीच्या दिवसांत धानाच्या रोपांच्या पेंढ्या चिखलातून वाहून न्यायच्या, ही त्यांची कामं. लग्नाचा विचार कोणी केला नाही. गावातले लोक त्यांना ‘आधा’ म्हणत, तेही त्यांच्या तोंडावर, आणि काका ‘ओ’ देत. मला त्याचा फार राग यायचा. अजून येतो.

शेताला लागून आमची बोडी होती. बोडी म्हणजे शेतापुरता लहानसा तलाव. वैशाख सरत आला आणि पाणी गुडघ्याखाली उतरलं की सगळे मिळून तिच्यातल्या मासोळ्या धरायचे. मग पाळीवर पळसाची पानं मांडून बाबा वाटे घालायचे. मोठ्या माणसाला एक वाटा, पोराला अर्धा, ज्याचं जाळं त्याला दीड. आणि या सगळ्यांच्या आधी एक पान वेगळं मांडायचं, ते देवाचं. पाळीवर मोहाच्या झाडाखाली शेंदूर फासलेला एक दगड होता, तोच बोडीचा देव. त्याच्यापुढे तो वाटा ठेवायचा, हात जोडायचे, आणि मग तो काकांनी उचलायचा. ज्याची स्वतःची चूल नाही त्यानं देवाचं खावं, असा आमच्याकडे रिवाज होता. काका ते पान आणून माझ्या आईच्या हातात देत, आई त्या मासोळ्या घरच्या मासोळ्यांत टाकी, आणि सगळे एकाच भांड्यातलं जेवत. त्यामुळे काकांना त्यांचा असा वाटा नाही, हे कधी कोणाला खटकलं नाही. त्यांनाही नाही.

मासोळ्यांचं जे, तेच गुळाचं, मोहफुलांचं, उकडलेल्या शिंगाड्यांचं. चौघांत वाटायचं तर वाटे पाच घालायचे, हे आम्हा पोरांच्या हाताला वळणच पडलं होतं.

चौथीपर्यंत माझं गणित बरं चाललं होतं. पाचवीत अपूर्णांक आले आणि घोडं अडलं. तसे सव्वा, दीड, अडीच, पावणेतीन हे शब्द घरात उठता-बसता कानावर पडत. बाबांना पावकी, निमकी, पाऊणकी हे पाढे तोंडपाठ होते. बाजारातून परतताना ते बैलगाडीत अडीचकी म्हणत आणि बैलही बहुधा ऐकत असावेत, कारण घरापर्यंत ते एका चालीनं येत. पण माझ्या पुस्तकात दीड कुठेच नव्हता. तिथे होता ‘एक पूर्णांक एक छेद दोन’. हा कोणी तहसील कचेरीतला साहेब असावा असं मला वाटे. सानगडीच्या बाजारात मी कुणा बाईला एक पूर्णांक एक छेद दोन पायली मुरमुरे मागितले असते, तर तिनं मला आधी पाणी पाजून सावलीत बसवलं असतं. वरचा तो अंश, खालचा तो छेद, आणि खालचा आकडा मोठा झाला की तुकडा लहान होतो, हे तर मला मुळीच पटत नव्हतं. तीन दोनापेक्षा मोठे, मग तिसरा हिस्सा अर्ध्यापेक्षा लहान कसा?

एके दिवशी गुरुजींनी फळ्यावर तोच गोल काढला आणि मला उभं केलं. एक भाकर, चार माणसं, सगळ्यांना सारखी. एकाला किती? इतकं सोपं मला कोणी कधी विचारलं नव्हतं. मी ठसक्यात म्हटलं, एक छेद पाच. गुरुजींना वाटलं मी ऐकण्यात चुकले. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं.

“पाचवा कोण आला जेवायला?” गुरुजींनी विचारलं.

“देव.”

“देव हजेरीपटावर नाही,” गुरुजी म्हणाले, आणि वर्ग असा हसला की बाजूच्या वर्गातली पोरं दारात येऊन उभी राहिली. मला कान धरून उभं केलं. गुरुजी दुष्ट नव्हते, पण उत्तर चूक ते चूक. आज माझ्या वर्गात एखाद्या पोरानं असं भलतंच उत्तर दिलं, तर मी आधी विचारते, कोणाकोणाला धरून मोजलंस? पुष्कळदा पोराकडे त्याचं काही कारण असतं.

घरी हे कळलं तेव्हा बाबांना हसू आवरेना. काका मात्र हसले नाहीत. गुरुजीच्या घरी देव मग काय खाते, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं.

दुसऱ्या दिवशी ढोरं घेऊन परतताना काकांनी बोडीतल्या चिकण मातीचा मोठा गोळा आणला. मी रडवेली होऊन पाटीपुढे बसले होते. ते माझ्याजवळ बसले आणि मातीच्या भाकरी थापू लागले. सुतळीचं एक टोक मी धरायचं, एक त्यांनी, आणि भाकर मधोमध कापायची. अर्ध्या केल्या, पाव केल्या, तीन-तीन तुकडे केले. तिसरा हिस्सा अर्ध्यावर ठेवून बघितला तेव्हा तो उघड उघड लहान होता. जास्त तोंडं, लहान घास, इतकीच ती गोष्ट होती, आणि मी महिनाभर तिच्यापायी रडत होते. तुकडे उन्हात वाळवले तर ते आक्रसले आणि कडांनी वर वळले. चार पाव जोडून पुरी भाकर होईना, म्हणून काका नव्यानं ओली माती घेऊन आले. ओसरीवर चिखल केला म्हणून आईनं आम्हा दोघांनाही सारखंच रागावलं.

मग एका संध्याकाळी मी पाच अर्ध्या भाकरी ओळीनं मांडल्या. दोन जोडल्या, एक पुरी झाली. आणखी दोन जोडल्या, दुसरी पुरी झाली. एक अर्धी तशीच उरली. दोन पूर्णांक एक छेद दोन! आणि मी बघतच राहिले, कारण समोर होता तो आमचा अडीच होता, बाबांच्या बैलगाडीतला. पुस्तकातल्या त्या साहेबाचं सोंग एका झटक्यात उतरलं. मी काकांना ते समजावून सांगितलं. त्यांना आकडे कळत नव्हते. त्यांना दोनच गोष्टी कळत, पुरं झालं आणि उरलं. पण त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि आईला ओढत बाहेर आणलं, बाईचं गणित आलं म्हणून. आमच्याकडे लेकीला बाई म्हणतात. इतका आनंद माझ्या कोणत्याही निकालाचा पुढे कोणाला झाला नाही, माझ्या नवऱ्यालाही नाही.

त्याच वर्षी हिवाळ्यात आजोबा गेले. तेरवी उरकली आणि मधल्या काकांनी वाटणीचं काढलं. त्यात काही वाईट हेतू नव्हता. त्यांच्या सासऱ्यांचं तुमसरकडे, सिहोऱ्याला, किराणा दुकान होतं, मुलगा नव्हता, आणि म्हातारे आता थकले होते. मधल्या काकांना तिकडे जायचं होतं. जायच्या आधी आपलं काय ते वेगळं व्हावं, असं त्यांना आणि काकूला वाटत होतं. बाबांनाही ते रास्त वाटलं. धानाची साडेसात एकर जमीन होती. बोडी सामाईक ठेवायची ठरली.

अंगणात सतरंजी टाकली. गावातले दोन जाणते लोक येऊन बसले. कागद लिहायला गुरुजींना बोलावलं होतं. काका ओसरीच्या खांबाला टेकून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होते. मी चहाच्या कपबशा घेऊन आले तेव्हा गुरुजींना माझं कौतुक करायची लहर आली. तोवर मी वर्गात अपूर्णांकांत पहिली होते आणि त्याचं श्रेय त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. त्यांनी जाणत्यांना सांगितलं की हिशेब ही पोरगीच करील, आणि मला म्हणाले, साडेसात एकर, सारखे वाटे, एका भावाला किती?

मी पाटी आणली. साडेसात म्हणजे पंधरा छेद दोन. भाऊ तीन, म्हणून तिनानं भागलं. उत्तर इतकं सुरेख आलं की मला हसूच फुटलं. अशी नीट गणितं पुस्तकातच असतात.

“अडीच,” मी म्हटलं.

गुरुजी चपापले, मग हसले. “काय गं, पुन्हा देवाचा वाटा काढलास?” आणि त्यांनी तो जुना किस्सा जाणत्यांना सांगितला. सगळे हसले. बाबा हसले, मधले काका हसले, आणि सगळे हसतात म्हणून काकाही हसले.

मी म्हटलं, “देवाचा नाही. काकांचा.”

मधल्या काकांनी बाबांकडे पाहिलं. बाबा मला रागावले नाहीत. ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, “त्याचा वाटा आमच्या दोघाईतच हाये. तू दोनानं भाग.”

मी दोनानं भागलं. पंधरा छेद चार, म्हणजे तीन पूर्णांक तीन छेद चार. मी ते पाटीवर लिहीपर्यंत बाबांनी तोंडानं सांगून टाकलं होतं, पावणेचार. गुरुजींनी ते कागदावर घेतलं. काकांचा अंगठा लागला तेव्हा बोटाला लागलेली शाई त्यांनी कौतुकानं मला दाखवली.

बाबांचं म्हणणं असं होतं की काकांच्या नावानं जमीन ठेवली तर उद्या कोणीही त्यांच्याकडून लिहून घेईल. ते खोटं नव्हतं. जमीन दोघांनी घ्यायची आणि काकांना दोघांनी सांभाळायचं, असं ठरलं. पाडव्यापासून दसऱ्यापर्यंत आमच्याकडे, दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत सिहोऱ्याला. निम्मं वर्ष इकडे, निम्मं तिकडे. वरखाली होणारे चार-आठ दिवस कोणी मोजले नाहीत. जाणत्यांनी माना डोलावल्या, इतका सरळ निवाडा झाला म्हणून त्यांना बरं वाटलं. मी आत जाऊन पावणेचारातून अडीच वजा केले. सव्वा आले. सव्वा एकर इकडे आणि सव्वा एकर तिकडे, असे काका वाटले गेले होते. हे मी आईला दाखवलं. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी तिनं ती पाटी माझ्या हातून घेतली आणि पदरानं पुसून टाकली.

पहिल्या दसऱ्याला बाबा काकांना एस.टी.नं सोडायला गेले. काकांनी आपलं बोचकं काखेत घट्ट धरलं होतं. इतका लांबचा प्रवास त्यांनी कधी केला नव्हता, म्हणून ते जाताना खूश होते. पाडव्याला मधले काका त्यांना घेऊन आले तेव्हा ते बोलत नव्हते. सिहोऱ्याला त्यांना कोणी छळलं नव्हतं. काकू वेळेवर जेवायला वाढे, अंगावर धड कपडे होते. पण तिथे ढोरं नव्हती, बोडी नव्हती. दिवसभर दुकानातल्या पोत्यावर बसून राहायचं, गिऱ्हाइकांनी गंमत करायची. आमच्याकडे पुन्हा रुळायला त्यांना रोवणी यावी लागली. चिखलात पाय पडले तसे ते हसायला लागले. आणि जरा कुठे रुळतात तोवर दसरा आला.

दोन-तीन वर्षं अशी गेल्यावर त्यांना एक सवय लागली. सकाळी उठून ते आईला विचारत, “वयनी, आज मी कोणाचा आहो?” आई म्हणे, आमचे, आणखी कोणाचे? पण तेवढ्यानं भागत नसे. जेवायला बसताना ते पुन्हा विचारत, ताट पुढे आल्यावरही हात लावायच्या आधी विचारत. बाबा त्यावर चिडत. माझं शिक्षण पुढे चाललं होतं. लसावि आला, छेद सारखे करून मिळवणं आलं, भाजक उलटा करून गुणणं आलं. मला आता काहीच अडत नव्हतं. पण खरं सांगायचं तर मी काकांसमोर जेवायला बसणं टाळू लागले होते, कारण तो प्रश्न मला सहन होत नव्हता.

वाटणीनंतर एकदा अधिक महिना आला तेव्हा तो कोणी मोजला नव्हता. मी दहावीत होते त्या वर्षी पुन्हा आला, आणि तोही नेमका आश्विनात. दोन आश्विन, त्यातला पहिला अधिक. म्हणजे दसरा एक महिना पुढे गेला. बायकांनी उपासतापास धरले, देवळात रोज पोथी सुरू झाली, आणि बाबांनी बोटांवर महिने मोजले. पाडव्यापासून सहा महिने भरले होते. त्यांनी सिहोऱ्याला जाणाऱ्या एका भांडीवाल्याबरोबर निरोप पाठवला की त्याला येऊन घेऊन जा. परत निरोप आला की बोलणं दसऱ्याचं झालं आहे, दसरा यायचा आहे. बाबांनी कळवलं, बोलणं निम्म्या वर्षाचं झालं आहे. दोघांचंही खरं होतं. म्हणूनच तर कोणी हटेना.

आईनं एकदा म्हणून पाहिलं की महिनाभर माणूस जेवला तर आपलं काय सरणार आहे. बाबा म्हणाले, प्रश्न जेवणाचा नाही. आणि खरंच नव्हता. आमच्याकडे तांदळाला तोटा नव्हता, सिहोऱ्याला तर दुकानच होतं. शिवाय धान निसवून लोंब्या धरायला लागलं होतं, पाखरं राखायला काका हवेच होते. पण या खेपेला मी ऐकलं तर दर खेपेला मलाच ऐकावं लागेल, असं दोघांच्याही डोक्यात बसलं होतं. मी बाबांना म्हटलं, या वर्षाचे महिने तेरा, तेराचे निम्मे साडेसहा, पंधरा-पंधरा दिवस दोघांनी घ्या. बाबांना ते पटलं, तसा निरोपही गेला, पण मधले काका तयार झाले नाहीत. ही सगळी बोलणी ओसरीवर होत, आणि काका तिथेच बसलेले असत. ऐकणाऱ्याला कळत नाही असं आम्ही सगळे धरून चालत होतो.

एका सकाळी काकांनी आईला काही विचारलं नाही. आपलं घोंगडं आणि पितळी तांब्या घेतला आणि ते बोडीवर गेले. पाळीवर पाखरं राखायला घातलेली एक खोपडी होती, वर तणसाचं छप्पर आणि तीन बाजूंनी तुराट्या. तिच्यात त्यांनी बिऱ्हाड मांडलं. आईनं मला पाठवलं. मी त्यांना घरी चला म्हटलं, तर ते मला समजावण्याच्या सुरात म्हणाले, “बाई, हा महिना दादाचाही नाही न् मधल्याचाही नाही. हा देवाचा महिना हाये. देवाचं माह्याकडं राहते.”

देवळातल्या पोथीत त्यांनी ऐकलं असेल, अधिक महिना हा देवाचा महिना. बाकीचं त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. वरचा वाटा कोणी उचलायचा, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. मी तिथेच रडले. ते घाबरले आणि मला मोहाच्या झाडाखाली बसवून पाणी पाजलं.

मी रोज शाळेतून आल्यावर त्यांचं जेवण घेऊन जायची. ताटाला हात लावताना ते आता काही विचारत नसत, एवढं एक बरं वाटायचं. मग अवेळी पाऊस लागला. खोपडी गळायला लागली, तणस कुजलं, घोंगडं वाळेना. आईनं घरात बोलणं सोडलं. शेवटी बाबा स्वतः बोडीवर गेले. जेवणाचा डबा घेऊन मी मागून चालले होते. बाबा पाळीच्या खालीच उभे राहिले, वर चढले नाहीत. तिथूनच म्हणाले, “चाल घरी.”

काका खोपडीच्या तोंडाशी आले. त्यांनी विचारलं, “कोणाच्या?”

त्यांच्या मनात टोमणा नव्हता. त्यांना टोमणा मारताच येत नव्हता. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं. बाबांनी ‘माझ्या’ म्हटलं असतं तर ते तसेच ओल्या घोंगड्यानिशी खाली आले असते. बाबा वळले आणि मला ओलांडून शेताच्या धुऱ्यावरून निघून गेले. मी त्यांच्यावर तेव्हा इतकी चिडले होते की हातातला डबा त्यांच्या पाठीवर फेकावासा वाटला.

काकांना थंडीताप भरला तो नवरात्र बसल्यावर. अंग इतकं हुडहुडायचं की तुराट्या वाजत. मग मात्र बाबांनी कोणाला विचारलं नाही, गाडी जुंपली, त्यांना उचलून घरी आणलं, साकोलीहून डॉक्टर आणला. सुई झाली, गोळ्या झाल्या. ताप उतरायचा आणि चढायचा. बाबा त्यांच्या उशाशी बसून असत, शेतावर जाणं बंद. काका शुद्धीवर आले की छपराकडे बघत. आईनं भाताची पेज तोंडाशी नेली की विचारत, देवाचा महिना सरला का. आई म्हणे, सरला, सरला. अधिक आश्विन खरंच सरला होता. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, दिवस मावळायच्या सुमाराला, ते गेले.

सकाळी न्यायचं ठरलं. सिहोऱ्याला सांगायला पहाटेच्या पहिल्या गाडीनं माणूस पाठवला. पण मधले काका त्याच्याही आधी तिकडून निघाले होते, वाटेत दोघांची चुकामूक झाली. दसऱ्याचा दिवस होता आणि ते बोलल्याप्रमाणे काकांना न्यायला आले होते. काखेत पिशवी होती, तिच्यात काकांसाठी नवा सदरा. अंगणात माणसं बसलेली, मधोमध तिरडी. त्यांना काय झालं ते कळायला वेळ लागला. मग ते तिरडीजवळ मटकन बसले आणि काकांच्या पायांवरून हात फिरवत राहिले. सदरा त्यांनी पिशवीतून काढला आणि कफनावर पसरला, तो कोणी काढला नाही.

आग कोणी द्यायची, हे विचारायची वेळ आली. बाबा पुढे झाले, थोरला म्हणून त्यांचाच हक्क होता. मधले काका उठले. डोळे पुसत म्हणाले, “आज दसरा हाये, दादा. आजपासून तो माह्याकडचा. मी देतो.” बाबा म्हणाले, तो गेला काल, माझ्या घरी. कोणाचाही आवाज चढलेला नव्हता. दोघंही हात पुढे करून उभे होते आणि खरोखर दोघांनाही तो हवा होता.

आई दारात उभी होती. जाणत्या लोकांसमोर ती कधी तोंड उघडत नसे. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, “एक महिना भात घालाले दोघाईपैकी एक नव्हता मिळाला. आता आग द्याले कायले दोघं आले?”

कोणी तिला गप्प बस म्हटलं नाही. बाबांनी विस्तवाचं मडकं उचललं आणि मधल्या काकांच्या हातात दिलं. आणि स्वतः पुढच्या खांद्याला लागले. तिरडी अंगणातून बाहेर निघाली तेव्हा दोघे भाऊ लहान पोरांसारखे हुंदके देत होते. त्या दोघांचाही मला मनापासून तिरस्कार करायचा होता. पण मला तो करता येईना, कारण ते रडणं खरं होतं.